चौदा महिन्यांचे फोटो

लेक गेल्याला सात महिने झाले तेव्हा लिफ्टवाल्याने ठरवलं, तिच्या फोटोंची सीडी करून घ्यायची.

कल्पना तशी त्याची नव्हती. एका सात मजली इमारतीत तो लिफ्टचा ब्रेक तपासायला गेला होता. वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्याला पाणी प्यायला आत बोलावलं. त्यांच्या टीव्हीवर एका माणसाचे फोटो एकामागून एक सरकत होते आणि मागे हलकेच व्हायोलिन वाजत होतं. आजी शेंगा सोलत होत्या. मधेच मान वर करून म्हणायच्या, "हं, हाच तो कोट. उन्हाळ्यातसुद्धा काढायचा नाही मेला." माणूस त्यांचा नवरा होता आणि त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. लिफ्टवाला रिकामा पेला हातात धरून उभाच राहिला. निघताना त्याने विचारलं, "हे कुठे करून मिळतं?"

त्याच्या स्वतःच्या घरात शब्द जपून वापरले जात होते. गॅस संपत आलाय. दार ओढून घ्या. उद्या उशीर होईल. नवरा-बायकोत एवढंच. बायको पोस्टात खिडकीवर बसायची. मुलीच्या आजारपणात तिने चौदा महिने बिनपगारी रजा घेतली होती आणि सगळं आटोपल्यावर मुकाट पुन्हा कामावर रुजू झाली होती. तिथे ती शिक्के असे मारते की शेजारच्या खिडकीवरची शाई हिंदकळते, असं तिच्याबरोबरची माणसं सांगायची. घरी आली की गप्प. लिफ्टवाल्याला वाटलं, फोटो लागले तर ती टीव्हीसमोर बसेल, त्या आजींसारखं काहीतरी बोलेल. निदान रडेल तरी.

मुलीला घरीदारी सगळे 'बटण' म्हणायचे. दोन वर्षांची असताना तो तिला कडेवर घेऊन लिफ्टमध्ये शिरला की ती दोन्ही हातांनी सगळी बटणं दाबून टाकायची, आणि मग लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची. लोक वैतागायचे. ती मात्र दार उघडेल तिथे राजासारखी हात हलवायची. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर होतं, आणि पुढे दवाखान्याच्या फाइलवर.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात चार अल्बम होते. बायको कामावर गेलेली असताना त्याने ते काढले आणि निवडक फोटो एका पिशवीत घातले. शेवटचा अल्बम आठव्या वाढदिवसाला संपत होता. त्यानंतरचे फोटो कागदावर आलेच नव्हते. ते बायकोच्या लहानशा कॅमेऱ्यात होते, आणि तो कॅमेरा वरच्या कप्प्यात, दवाखान्याच्या फाइलीवर ठेवलेला होता. त्याने तिकडे बघितलं आणि कपाट लावून घेतलं. आजारपणाचे फोटो कोण सीडीत घालतं?

स्टुडिओ बाजाराच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाशेजारी होता. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एकेकाळी त्यांचे यजमान लग्नांचे फोटो काढायचे. आता बाई एकट्याच ओळखपत्रांचे फोटो काढायच्या आणि उरलेल्या वेळात लोकांचे जुने फोटो कॉम्प्युटरवर चढवून, संगीत घालून सीड्या करायच्या.

"किती आहेत?" त्यांनी पिशवीकडे बघून विचारलं.

"दोनशे अकरा."

"दादा, दोनशे अकरा फोटो सख्खी आईसुद्धा बघत नाही. साठ काढा. एकेक पाच सेकंद. त्याच्या पुढे माणसं जांभया द्यायला लागतात." त्यांनी वरचा फोटो उचलला. अवजारांच्या पिशवीत बसून झोपलेलं वर्षाचं पोर. त्या खुदकन हसल्या. "ही कोण हो ठकी? हिचा वाढदिवस आहे का?"

"नाही. ती गेली."

बाईंनी फोटो जसा उचलला होता तसाच परत ठेवला. मग चष्मा डोळ्यांवर चढवून वही ओढली. "वय काय होतं?"

"आठ," लिफ्टवाला म्हणाला.

शब्द तोंडातून निघाला आणि त्याच्या कानाची पाळी गरम झाली. पण त्याने तो दुरुस्त केला नाही.

संगीत निवडायची वेळ आली तेव्हा बाईंनी कॉम्प्युटरवर 'आठवण' नावाचा कप्पा उघडला. त्यात सगळ्या संथ, ओल्या चाली. तिसरी बासरीची होती, ती त्याने घ्या म्हणून सांगितलं. बाईंनी विचारलं, "शेवट ह्याच फोटोवर करायचा ना? केक कापतेय तो?"

"हो."

"मग तिथे पडदा हळूहळू पांढरा करते. बरं दिसतं ते."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने सीडी लावली. बायकोला म्हणाला, "जरा बस. एक गंमत आहे." 'गंमत' हा शब्द त्याचा त्यालाच खटकला. ती हात पुसत आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. पहिला फोटो आला, बासरी सुरू झाली, आणि तिचा हात पदराच्या टोकात गुंडाळला गेला.

तिने डोळ्यांची पापणी लवू न देता सगळं बघितलं. पोर रांगलं, उभं राहिलं, शाळेच्या फाटकाला लटकलं. पुढचे दोन दात पडलेला फोटो आला तेव्हा ती चक्क हसली. लिफ्टवाल्याचा जीव भांड्यात पडला. मग केक आला. आठ मेणबत्त्या. गाल फुगवलेली बटण. पडदा पांढरा होत गेला, बासरी विरली.

बायको वाट बघत बसली होती.

"पुढे?" तिने विचारलं.

"झाली."

"झाली कशी? दुसरी सीडी आहे का?"

"नाही गं. एवढीच."

ती वळून त्याच्याकडे बघायला लागली. सात महिन्यांत तिने इतकं सरळ त्याच्याकडे बघितलं नव्हतं. "तुमच्या मते ती आठव्या वर्षीच गेली का हो?"

"तसं नाही... पुढचे फोटो कशाला? तुला त्रास होईल. तिचे केस वगैरे..."

"केस गेले होते. ती नव्हती गेली." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच त्याला भीती वाटली. "चौदा महिने होती ती. रोज सकाळी उठत होती, रोज भांडत होती, रोज काहीतरी मागत होती. मी होते तिथे. तुम्ही नव्हता, म्हणून ते महिने झालेच नाहीत की काय?"

ती खरं तेच बोलत होती. पहिले दोन महिने तो रोज दवाखान्यात गेला होता. मग एक दिवस पोरीला समोरच ओकारी झाली, टोपी खाली पडली, आणि ते उघडं, पांढरं डोकं त्याने पाहिलं. त्या दिवसापासून त्याच्या कामाला ऊत आला. दुसऱ्याच्या पाळ्या मागून घ्यायच्या, गावाबाहेरच्या इमारती मागून घ्यायच्या. घरातल्या एकाने तरी कामावर असायला हवं, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि सगळ्यांना ते पटायचं. रविवारी पाच-दहा मिनिटं दारात उभं राहायचं, "काय म्हणतेय आमची बटण?" म्हणायचं, आणि घड्याळ बघायचं. शेवटी शेवटी नुसता फोन.

बायको उठली. वरच्या कप्प्यातून तिने कॅमेरा काढला आणि टीव्हीवर ठेवला. मग दोन साड्या पिशवीत भरून ती बहिणीकडे निघून गेली.

तीन दिवस कॅमेरा टीव्हीवर तसाच होता. लिफ्टवाला त्याच्याकडे पाठ करून जेवला. चौथ्या दिवशी कामावरून येताना त्याने तो उचलला, पण तो सुरूच होईना. बॅटरी कधीच मरून गेली होती. तेव्हा दिवस मावळायच्या आत तो पुन्हा स्टुडिओत गेला.

"ह्यात आणखी आहेत," तो म्हणाला. "आणि ताई, मी तुम्हाला आठ सांगितलं. साडेनऊ वर्षांची होती."

बाईंनी कॅमेरा हातात घेतला. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि शेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

तीनशेच्या वर फोटो होते. लिफ्टवाल्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले आणि बघायला लागला. त्याला वाटलं होतं सगळीकडे सुया आणि नळ्या असतील. नळ्या होत्या, पण त्या फोटोत आल्या होत्या इतकंच, जशी मागे भिंत येते. पलंगावर पत्ते मांडून बसलेली बटण. नर्सबाईंची टोपी घालून स्वतःची नाडी तपासणारी बटण. सलाइनच्या खांबाला डोळे आणि मिशा चिकटवल्या होत्या, आणि ती त्याच्या गळ्यात हात घालून उभी होती. एका फोटोत नुसते तिचे पाय, तळव्यांवर पेनने चेहरे काढलेले. चेहरा सुजत गेला, मग वाळत गेला. पण ती जीभ बाहेर काढायचं काही सोडत नव्हती. आणि ह्यातलं काही म्हणजे काही त्याला माहीत नव्हतं. अनोळखी मुलीचे फोटो बघावेत तसा तो आपल्या लेकीचे बघत होता.

"हा एक चुकून आलेला दिसतोय," बाई म्हणाल्या. "वाकडा आहे, धूसर पण आहे. काढून टाकू?"

काचेचं दार, त्यापलीकडे लांबलचक व्हरांडा. व्हरांड्याच्या टोकाला लिफ्टचं उघडं दार, आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलेला एक माणूस. पाठमोरा. बाजूला अवजारांची पिशवी.

लिफ्टवाला पडद्याकडे वाकला. पिशवी त्याची होती. पाठ त्याची होती.

त्या दवाखान्याची लिफ्ट त्याच्याच कंपनीकडे होती. आजारपणाच्या अकराव्या महिन्यात एकदा तक्रार आली, चौथ्या मजल्यावर दार लागत नाही. बटण चौथ्या मजल्यावरच होती. जाताना त्याने मनाशी ठरवलं होतं की काम उरकलं की आत जायचं, तिच्याजवळ बसायचं, अगदी तासभर. दाराच्या खाचेत कुणाच्या तरी कोटाचं बटण अडकलं होतं. पाच मिनिटांचं काम त्याने पाऊण तास पुरवलं. खाच पुसली, पुन्हा पुसली, दार वीस वेळा उघडून लावून बघितलं. मग पिशवी उचलली आणि त्याच लिफ्टने खाली उतरून गेला. कुणी पाहिलं नाही असं तो समजून चालला होता. बायकोला त्याने ते कधी सांगितलं नाही.

"दादा?" स्टुडिओवाल्या बाईंनी विचारलं. "काढू का?"

"नको," तो म्हणाला. "तो मी आहे."

मेहुणीचं घर दोन रस्ते सोडून होतं. तो गेला तेव्हा बायको मागच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मेहुणीने एकदा दोघांकडे बघितलं आणि भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडली.

"लिफ्टपाशी बसलोय तो फोटो," त्याने विचारलं. "तू काढलास?"

बायकोने हातातली चादर खाली ठेवली. "बघितलात शेवटी. मी नाही. तिने काढला."

"तिने?"

"आवाजावरून ओळखलं तिने. म्हणाली, आई, दार उघडून लावून बघतायत ना, हे बाबाच. मला चाकांच्या खुर्चीत बसवून काचेपाशी ने म्हणाली. नेलं. मी हाक मारणारच होते. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणे लिफ्टचं दार उघडं असताना माणसाचं लक्ष वेधायचं नसतं, खाली खड्डा असतो. तुम्हीच शिकवलं होतंत ना तिला?"

त्याने मान हलवली. तेवढंही जमलं नाही नीट.

"फोटो काढला. मग म्हणाली, काम झालं की येतील, चल लवकर. टोपी सरळ करून घेतली. मागे उशा लावून घेतल्या. आणि बसून राहिली."

"किती वेळ?"

"जेवणाची गाडी येईपर्यंत."

गॅलरीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. लिफ्टवाल्याने कठडा धरला होता. "काही म्हणाली का?"

"म्हणाली, दुसऱ्या लिफ्टचा फोन आला असेल. कुणीतरी अडकलं असेल आत." बायको चादरीची घडी घालायला लागली, ती चुकली, पुन्हा घालायला लागली. "तिला खरंच तसं वाटलं, की माझ्यासाठी म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही. मी रोज त्याचा विचार करते. शिक्का मारताना करते."

"मी घाबरलो होतो गं."

"आणि मी? मला काय भीती वाटत नव्हती?"

तो खाली फरशीवर बसला आणि रडला. बाप्या माणसाने रडू नये तसा, नाक वाहेपर्यंत. ती त्याला उठवायला आली नाही, पण आत निघूनही गेली नाही. उरलेले कपडे काढत, घड्या घालत तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "माफ कर म्हणू नका. मला नाही येत ते करता. शनिवारी माझा अर्धा दिवस आहे. त्या स्टुडिओत मला घेऊन चला."

शनिवारी दोघं स्टुडिओवाल्या बाईंच्या दोन बाजूंना दोन स्टुलांवर बसली. बायकोने पहिलं काम केलं ते बासरी काढायला लावायचं. "ही ऐकून ती हसून हसून लोळली असती," ती म्हणाली. बाईंना राग आला नाही. त्यांनी 'वाढदिवस' नावाचा कप्पा उघडला, आणि त्यातली एक धावती, ताशा-पिपाणीची चाल केकपर्यंतच्या फोटोंना लागली.

मग पुढचे. तीनशेतले सत्तर निवडायचे होते. प्रत्येक फोटोला लिफ्टवाला विचारायचा आणि बायको सांगायची. ही रात्रपाळीची नर्स, हिला बटण 'इंजेक्शनमावशी' म्हणायची. हे पत्ते तिने फसवून जिंकलेले. ह्या दिवशी तिने डॉक्टरांना सांगितलं की तुमचे बूट किरकिरतात, तेल घाला, माझ्या बाबांकडे आहे. कधी बायको एखाद्या फोटोपाशी अडायची, काहीच न सांगता मान हलवायची, आणि बाई तो बाजूला ठेवायच्या. मग लिफ्टपाशी बसलेल्या माणसाचा फोटो आला.

"हा घ्यायचा," लिफ्टवाला म्हणाला.

"घ्यायचा," बायको म्हणाली. "तिने काढलाय."

"आता ह्या भागाला कुठलं संगीत लावू?" बाईंनी विचारलं.

"काही नको."

"अहो ताई, आवाज नसला की लोकांना वाटतं सीडी बिघडली. परत घेऊन येतात."

"आम्ही नाही आणणार," बायको म्हणाली. "तिला शेवटी शेवटी आवाज सोसत नव्हता. चमचा पडला तरी डोकं धरायची. आम्ही खुणांनी बोलायचो."

हेही लिफ्टवाल्याला माहीत नव्हतं. त्या दिवसांत तो फोनवर मोठ्या आवाजात, मुद्दाम खुशीत बोलायचा. त्याने ते बोलून दाखवलं नाही. पण बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचा फोन आला की मी तो तिच्या कानापासून जरा लांब धरायची. ऐकायची ती."

सीडी मंगळवारी मिळाली. बायको त्या दिवशी बहिणीकडून पिशवी घेऊन घरी परत आली होती. का आली, किती दिवसांसाठी, हे दोघांनीही काढलं नाही. दिवेलागणीला त्यांनी सीडी लावली. ह्या वेळी बायको खुर्चीच्या कडेवर न टेकता नीट मागे रेलून बसली. पिपाण्या वाजल्या, पोर मोठं झालं, केक कापला गेला. पडदा पांढरा झाला नाही. केकच्या मागोमाग दवाखान्याचा पलंग आला आणि आवाज थांबला.

सहा मिनिटं घरात कसलाही आवाज नव्हता. पंखा होता तेवढाच. लिफ्टवाल्याने एकदाही नजर चुकवली नाही. मोठ्या पडद्यावर त्याला कोपऱ्यातल्या गोष्टीही दिसायला लागल्या. खिडकीतलं रोपटं, औषधाच्या बाटलीवर चिकटवलेलं चित्र. बऱ्याच फोटोंमध्ये शेजारच्या पलंगाचा एक तुकडा आला होता, आणि त्यात कधी एक हात, कधी अर्धं डोकं. एका फोटोत मात्र ती शेजारची मुलगी पूर्ण होती. बटणएवढीच, तशीच टोपी घातलेली, बटणच्या खांद्यावरून वाकून कॅमेऱ्यात डोकावणारी.

शेवटचा फोटो सरला. पडदा निळा झाला.

"परत लावू?" त्याने विचारलं.

"आज नको."

तो उठला नाही. तीही उठली नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ती शेजारच्या पलंगावरची मुलगी... तिचं काय झालं?"

"ती बरी झाली," बायको म्हणाली. "शाळेत जायला लागली. तिची आई पोस्टात आली होती परवा, पाकीट टाकायला. केस आलेत म्हणे, कुरळे आलेत. पूर्वी सरळ होते."

"बरं झालं," लिफ्टवाला म्हणाला. "बरं झालं," असं तो पुन्हा म्हणाला. बायकोने हात लांब करून त्याच्या मनगटावर ठेवला आणि त्या मुलीच्या आईने आणखी काय काय सांगितलं ते ती त्याला सांगत राहिली.